रोजनिशी : चित्ताचा आरसा

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की आपल्या विहारांतून बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने हा क्रम चालतो. संध्याकाळी उपासक-उपासिका जमतात, वंदना होते, एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. नंतर मंडळी घरी जातात आणि घरी गेल्यावर भाकरी-कालवण, मुलांचा अभ्यास, पाण्याची वेळ, उद्याचा डबा यांत ऐकलेले विरून जाते. श्रवण होते, मनन राहून जाते. यावर एक अगदी स्वस्त उपाय आहे. घरात एक साधी वही आणावी आणि वर्षावासाचे तीन महिने रोज झोपण्यापूर्वी तीत चार-सहा ओळी लिहाव्यात. आज या पानावर त्या वहीविषयी, म्हणजे रोजनिशीविषयी, लिहिण्याचे आम्ही ठरविले आहे.

रोजनिशी म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर हिशेबाची डायरी येते. दूध किती लिटर, सिलिंडर कोणत्या तारखेला लावला, भिशीचे किती गेले. ती डायरीही घरात हवीच. ज्या घरात हिशेब लिहिला जातो त्या घरात भांडणे कमी होतात, असा आमचा अनुभव आहे. पण पैशांचा हिशेब लिहिणारी आपली भगिनी दिवसभरातल्या बोलण्याचा, रागाचा, लोभाचा, मायेचा हिशेब कधी लिहीत नाही. तो कोठे लिहायचा असतो हेच तिला कोणी सांगितलेले नसते.

हल्ली रोजनिशीचे महत्त्व सांगणारे लेख आणि शिबिरे पुष्कळ झाली आहेत. रोजनिशी लिहा आणि आत्मशोध घ्या, आत दडलेल्या खऱ्या 'मी'ची भेट घ्या, असे त्यांत सांगितलेले असते. येथे बौद्ध वाचक अडखळतो आणि अडखळावयासच हवे. तथागतांनी आत्मा मानला नाही. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात अधम्म कशाला म्हणावे हे सांगताना आत्म्यावरील विश्वासाचा त्यांत स्वतंत्र समावेश केला. मग आत्माच नाही तर आत्मशोध कशाचा घ्यायचा? वहीत उतरून शोधायचे ते काय?

उत्तर त्याच ग्रंथात आहे. बुद्धाच्या शिकवणुकीत मन हे सर्वांचे केंद्र आहे, हे बाबासाहेबांनी आग्रहाने सांगितले. शोध घ्यायचा तो चित्ताचा. आणि चित्त ही काही तळघरात पुरून ठेवलेली, एकदा सापडली की कायमची हाती लागणारी वस्तू नव्हे. ते सकाळी एक असते, दुपारी दुसरे, रेशनच्या रांगेत तिसरे. सतिपट्ठान सुत्तात चित्ताकडे पाहण्याची जी रीत दिली आहे ती फार साधी आहे. चित्तात लोभ असेल तर लोभ आहे हे जाणावे, नसेल तर नाही हे जाणावे. द्वेष असेल तर द्वेष आहे हे जाणावे. तेथे शिव्याशाप नाहीत आणि कौतुकही नाही, केवळ जाणणे आहे.

याचा वहीच्या भाषेशी थेट संबंध आहे. "मी मूळचीच तापट" असे एखादीने लिहिले तर तिने नकळत आत्मवाद मागल्या दाराने घरात घेतला. मूळचीच तापट असेल तर बदलणार काय? त्याऐवजी "आज दिवेलागणीला राग आला, सासूबाई दुसऱ्यांदा विचारीत होत्या तेव्हा" असे लिहिले, की रागाला वेळ मिळाली, कारण मिळाले आणि त्याला शेवटही असणार हे दिसले. जे येते ते जाते. 'मी अशीच आहे' हे वाक्य वहीतून काढून टाकणे, हा आमच्या मते रोजनिशीचा पहिला नियम होय.

राहुलाला दिलेला आरसा

रोज स्वतःचे वर्तन तपासण्याची ही रीत धम्मात बाहेरून आलेली नाही. मज्झिम निकायात अम्बलट्ठिका राहुलोवाद या नावाचे एक सुत्त आहे. तथागत राजगृहाच्या वेळुवनात असताना राहुल जवळच अम्बलट्ठिका येथे राहत होता. त्या वेळी तो सात वर्षांचा होता असे अट्ठकथा सांगते. आपल्याकडच्या दुसरीतल्या मुलाएवढा! तथागत आले, राहुलाने आसन मांडले, पाय धुण्यास पाणी ठेवले. तथागतांनी पाय धुऊन भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले आणि ते मुलाला दाखविले. जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रमणपण या पाण्याइतकेच थोडे, असे त्यांनी समजावले. मग ते पाणी फेकले, भांडे पालथे केले, पुन्हा सरळ करून रिकामे भांडे दाखविले आणि प्रत्येक वेळी तेच समजावले. उपदेश करण्यासाठी त्यांना ना फळा लागला ना पोथी. पाय धुण्याचे भांडे पुरले.

त्यानंतर त्यांनी राहुलाला आरशाचा उपयोग विचारला. आरसा पाहण्यासाठी असतो, हे मुलाला ठाऊक होते. तसेच प्रत्येक कर्म पाहून पाहून करावे, असे तथागतांनी सांगितले. कायेचे असो, वाचेचे असो, मनाचे असो. करण्यापूर्वी पाहावे, करीत असताना पाहावे आणि करून झाल्यावर पाहावे. यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते काय, हा एकच प्रश्न तीन वेळा विचारावा. काया-वाचेचे चुकीचे कर्म घडून गेले असेल तर ते गुरूपुढे किंवा सुज्ञ सोबत्यापुढे उघड करावे आणि पुढे सावध राहावे. कर्म चांगले असेल तर त्याच्या आनंदात राहावे. हा शेवटचा भाग आपली माणसे विसरतात. रोजनिशी म्हणजे केवळ चुकांची यादी असा समज करून घेतात आणि आठ दिवसांत कंटाळतात.

या सुत्ताचे महत्त्व सम्राट अशोकाने ओळखले होते. राजस्थानातील बैराट येथे सापडलेला त्याचा शिलालेख आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे. त्यात त्याने ज्या सात धम्मपाठांची नावे कोरली, त्यांत खोटे बोलण्याविषयी राहुलाला केलेला उपदेश आहे. ते पाठ भिक्खू-भिक्खुणींनी वारंवार ऐकावेत, त्यांचे मनन करावे आणि उपासक-उपासिकांनीही तसेच करावे, अशी इच्छा त्याने व्यक्त केली. उपासिका हा शब्द दगडावर कोरलेला आहे, हे आमच्या भगिनींनी ध्यानात घ्यावे.

आता कोणी विचारील, रात्री लिहिणे म्हणजे तर कर्म झाल्यानंतर पाहणे; आधी आणि मध्ये पाहणे कसे साधणार? गंमत येथेच आहे. "मुलाला नापास म्हणून हिणवले" ही एकच ओळ सलग पाच रात्री लिहावी लागली, की सहाव्या दिवशी शब्द तोंडातून निम्मे बाहेर पडले असताना वही आठवते. आणखी काही दिवसांनी शब्द ओठांवर येण्यापूर्वीच आठवते. वही रात्रीची असते, पण तिचा उपयोग दुसऱ्या दिवशी दुपारी होतो. म्हणून एखादी ओळ पुन्हा पुन्हा लिहावी लागते याची खंत करू नये, आणि तेच तेच काय लिहायचे म्हणून ती गाळूही नये.

एक रेघ, दोन भाग

आता प्रत्यक्ष लिहायचे कसे, ते सांगतो. पानावर तारीख टाकावी आणि मधोमध आडवी रेघ मारावी. रेघेच्या वर घडले काय ते लिहावे. रेघेखाली आपल्या चित्तात काय झाले आणि आपण काय केले ते लिहावे. दोन्हींची भेसळ करू नये. नमुन्यादाखल दोन नोंदी देतो. त्या आम्हीच तयार केल्या आहेत. पण त्यांतले प्रसंग कोणाला अपरिचित वाटतील असे नाही.

रेघेवर : "जाऊबाईंकडे नवा फ्रीज आला. पेढे दिले." रेघेखाली : "पेढा गोड लागला नाही. दिवसभर तोच विषय डोक्यात. रात्री ह्यांना म्हटले, आपल्याकडे कधी काही नवीन येते का? ते न जेवता उठले."

दुसरी नोंद. रेघेवर : "नव्या साहेबांनी सर्वांदेखत आडनाव विचारले. मग गाव विचारले. मग नुसते 'अच्छा' म्हणाले." रेघेखाली : "उत्तर देताना माझा आवाज खाली गेला. घरी आल्यावर मुलीच्या हातून कप फुटला म्हणून तिच्यावर ओरडले. कपाचे एवढे काही नव्हते."

या दोन नोंदींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो ओळखता येणे हेच या वहीचे खरे काम आहे. पहिल्या नोंदीतले दुःख तृष्णेतून आले. जाऊबाईंनी कोणाचे काही घेतले नव्हते. दुसऱ्या नोंदीतले दुःख अन्यायातून आले. माणसाने माणसाशी केलेल्या अन्यायी वागणुकीतून दुःख निर्माण होते आणि ते दूर करणे हेही धम्माचे काम आहे, असा दुःखाचा अर्थ बाबासाहेबांनी आपल्यापुढे मांडला. मनःशांतीचे पुष्कळ उपदेशक हा फरक करीत नाहीत. ते सगळेच दुःख मनाच्या खात्यावर मांडतात. तुमचा दृष्टिकोन बदला, सर्व ठीक होईल, असे सांगतात. आडनाव विचारणाऱ्या साहेबाला त्यामुळे आयतीच सुटका मिळते. आपल्या वहीत त्याला सुटका मिळता कामा नये. त्याचे वागणे रेघेच्या वर, तारखेसह, त्याच्याच शब्दांत राहील. मुलीवर ओरडणे मात्र रेघेखाली राहील, कारण ते आपले आहे. साहेब चुकला म्हणून मुलीवर ओरडणे बरोबर ठरत नाही, आणि आपण ओरडलो म्हणून साहेबाचे वागणे पुसले जात नाही.

हाच विचार मारहाणीच्या घरांबाबत करावा लागतो. नवरा दारू पिऊन हात उगारतो आणि बायको वहीत लिहिते की माझीच सहनशक्ती कमी पडली! अशी वही जाळून टाकलेली बरी. तेथे रेघेवर तारीख, वेळ, काय झाले, कोठे लागले, कोणी पाहिले हे स्पष्ट लिहावे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा न्यायालयात जाण्याची वेळ आली तर गोंधळलेल्या मनाला तारखा आठवत नाहीत. लिहिलेल्या असल्या तर नीट सांगता येतात. क्षांती म्हणजे मार खाणे, असा अर्थ कोणत्याही भिक्खूने सांगितला तरी मानू नये.

नेमके, तपशिलाने आणि विशेषणांवाचून कसे लिहावे याचा वस्तुपाठ खुद्द बाबासाहेबांनी घालून दिला आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने त्यांनी आपल्या काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या होत्या. त्यांच्या हयातीत त्या प्रसिद्ध झाल्या नाहीत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकेच्या रूपात काढल्या आणि १९९३ साली महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात त्यांचा समावेश झाला. १९०१ सालच्या मसूर स्टेशनचा प्रसंग त्यात आहे. वडिलांना भेटायला निघालेली लहान मुले, अंगावर नवे कोरे इंग्रजी बनावटीचे सदरे, रेशीमकाठी धोतरे, डोक्यावर चमकत्या टोप्या. जात कळताच स्टेशनमास्तरचा बदललेला चेहरा. दुप्पट भाडे घेऊनही गाडीवान गाडीत बसायला तयार नाही. मुलांनी गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे. बरोबर भरपूर अन्न, पण वाटेत पाणी कोणी देईना म्हणून रात्र उपाशी. वडील स्टेशनवर का आले नाहीत, तर त्यांच्या शिपायाने पत्र त्यांना दिलेच नव्हते, हेही त्यांनी नोंदविले आहे. 'भयंकर', 'हृदयद्रावक' अशा शब्दांची तेथे गरज पडलेली नाही. टोप्या, भाडे, पाणी यांनीच काम केले आहे. वहीत लिहिताना "फार अपमान झाला" याऐवजी काय शब्द वापरले, कोण कोठे उभे होते, कप कोणता दिला हे लिहावे.

रेघेच्या या दोन भागांना मानसशास्त्राचाही थोडा आधार आहे. अमेरिकेतील जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहावयास सांगितले होते. आयुष्यातील सर्वांत क्लेशदायक प्रसंगाविषयी घटना आणि भावना दोन्ही ज्यांनी लिहिल्या, ते पुढच्या सहा महिन्यांत आरोग्य केंद्रात इतरांपेक्षा कमी वेळा गेले. लिहिल्यावर लगेच मात्र त्यांना अधिक उदास वाटले होते. पुढे असे पुष्कळ प्रयोग झाले. त्यांत सरासरीने फायदा दिसला, पण लहान. तेव्हा वही हे औषध आहे असे कोणी समजू नये. लिहून लिहून झोप उडत असेल, जीव नकोसा वाटत असेल तर लिहिणे थांबवून डॉक्टरांकडे जावे. त्यात कमीपणा नाही.

विपश्यनेच्या साधकांसाठी एक खुलासा. इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या केंद्रांवरील दहा दिवसांच्या शिबिरात लिहिण्या-वाचण्यास मनाई असते आणि ती योग्यच आहे. ध्यानाच्या वेळी ध्यान. वही ही शिबिरानंतरच्या, पोळ्या लाटणाऱ्या आणि लोकल पकडणाऱ्या दिवसांसाठी आहे.

वही ठेवायची कोठे?

सर्वांत अवघड प्रश्न हा आहे आणि शिबिरांतून वही देणारे त्याविषयी एक अक्षर बोलत नाहीत. ज्यांच्या घरात अभ्यासाची खोली, टेबल, कुलपाचे कपाट आहे त्यांना तो पडतच नाही. आपल्या वस्त्यांतून, चाळींतून एका खोलीत सहा माणसे राहतात. वही गादीखाली ठेवली तर सकाळी गादी गुंडाळणाऱ्याच्या हाती लागते. तांदळाच्या डब्यात ठेवली तर सासूबाईंच्या. आणि सुनेने लिहिलेले काही घरात सापडले की ते घरभर मोठ्याने वाचले जाते, त्यावर हसे होते किंवा आकांत होतो.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे उदाहरण येथे सांगितलेच पाहिजे. त्या घरचे छोटे किराणा दुकान चालवीत. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचीत, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा आपल्या लोकांचे जिणे लिहून ठेवीत. हे लिखाण त्यांनी सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. बाईने लिहिणे घरात खपणार नाही, ही भीती होती. संशोधनासाठी फलटणला राहिलेल्या मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते बाहेर आले, १९८२ साली 'स्त्री' मासिकातून क्रमशः छापले गेले आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' या नावाने पुस्तक झाले. २००८ मध्ये माया पंडित यांनी ते इंग्रजीत नेले. २०१२ साली बेबीताई गेल्या. आज विद्यापीठांत त्या पुस्तकाचा अभ्यास होतो. पण आम्हाला राहून राहून वाटते ते त्या वीस वर्षांचे. बाबासाहेबांच्या चळवळीत वाढलेल्या, सभा-संमेलनांना गेलेल्या स्त्रीलाही आपल्याच घरात कागद लपवावे लागले. ज्या वह्या लपविलेल्या जागीच कुजल्या, त्या किती असतील?

म्हणून वर्षावासाच्या आरंभी घरातील सर्वांनी एकत्र बसून एक गोष्ट ठरवावी : कोणाचीही वही कोणी उघडणार नाही. नवरा बायकोची नाही, आई मुलीची नाही, भाऊ बहिणीची नाही. न दिलेले घेऊ नये, हे दुसरे शील आहे. दुसऱ्याच्या मनातले न दिलेले वाचणे ही चोरीच आहे. विशेषतः वयात आलेल्या मुलींच्या आयांना हे जड जाईल. काळजीपोटी वाचले, असे त्या म्हणतील. पण एकदा वही वाचली गेली की मुलगी लिहिणे सोडत नाही, खरे लिहिणे सोडते, आणि मग आईला वाचायलाही खोटेच मिळते.

ज्या घरात असा ठराव होणे शक्यच नाही, तेथे वही विहारातल्या विश्वासू मैत्रिणीकडे, कामाच्या ठिकाणच्या कप्प्यात ठेवावी. काही जणी मोबाइलमध्ये लिहितात. फोन फक्त आपल्या हाती राहत असेल तर हरकत नाही. पण पुष्कळ घरांत बायकोच्या फोनचा संकेतशब्द नवऱ्याला ठाऊक असतो, नवऱ्याचा बायकोला नसतो. शिवाय मोबाइलवर लिहिलेले चार ओळींचे मन बोट घसरताच व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर जाते. स्टेटस दुसऱ्याने पाहावे म्हणून असते. दुसरा पाहणार म्हटले की माणूस थोडे सजतोच.

भाषेविषयी फार विचार करू नये. घरात बोलतो तीच बोली लिहावी. ऱ्हस्व-दीर्घ तपासायला कोणी गुरुजी येणार नाहीत. दिवसभरात बोलताना जे शब्द आपण गिळले ते प्रमाण भाषेत नव्हतेच, मग वहीत ते प्रमाण भाषेत कसे येतील?

अक्षरे नसली तर

आमच्या आया-आज्या म्हणतील, आम्ही अंगठेबहाद्दर, आम्हाला ही वही काय कामाची? त्यांच्यासाठी मथुरेच्या उपगुप्ताची कथा आहे. 'अशोकावदान' या संस्कृत ग्रंथात ती येते. उपगुप्त हा सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचा मुलगा, दुकानावर बसणारा. शाणकवासी स्थविरांनी त्याला सांगितले की मनात वाईट विचार आला की एक काळी पट्टी बाजूला ठेव, चांगला आला की पांढरी. आरंभी काळ्याच पट्ट्या जास्त पडल्या. हळूहळू दोन्ही सारख्या झाल्या आणि शेवटी काळी पट्टी उचलण्याची वेळच आली नाही. दुकान चालू, गिऱ्हाईक चालू आणि हिशेबही चालू. अक्षर एकही नाही. आजीने दोन वाट्या घ्याव्यात, एकीत चिंचोके, दुसरीत मक्याचे दाणे. रात्री नातवाने मोजून द्यावेत. गणिताचा सराव होईल तो वेगळाच.

दुसरी वाट अधिक चांगली. आजीने सांगावे आणि नातीने लिहावे. मात्र नातीने स्वतःच्या शाळेची भाषा मध्ये घुसवू नये. आजी "लई वंगाळ वाटलं" म्हणाली तर तेच लिहावे. थेरीगाथेतील कितीतरी स्थविरींची वाणी अशीच तोंडातोंडी टिकली आणि नंतर केव्हातरी लिहिली गेली. त्यांत उखळ, मुसळ आणि कुबड्या नवऱ्यातून सुटल्याचा आनंद सांगणारी मुत्ता आहे. पाय धुतलेले पाणी वाहत जाताना पाहून चित्त एकाग्र झालेली पटाचारा आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बाईचे उखळ आपल्याला ठाऊक आहे, आणि आपल्या आजीचे जाते कोणत्या कोपऱ्यात होते हे ठाऊक नाही, असे होऊ नये.

मुलांच्या बाबतीत सक्ती नको. दहा वर्षांच्या मुलाला रोज रात्री आपल्या चुका लिहावयास लावणे ही शिक्षा आहे. त्याला इतकेच विचारावे की आज कोणाशी चांगले वागलास, आणि त्याने सांगितले तर तेवढेच लिहू द्यावे. आधी आपण लिहिताना त्याला दिसलो तर पुढचे तो आपणच करील.

वर्षावासाच्या शेवटी, आश्विन पौर्णिमेला, भिक्खूसंघात पवारणा होते. तीन महिने एकत्र राहिलेले भिक्खू एकमेकांना विनंती करतात की माझ्याकडून काही चुकलेले आपण पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेने सांगावे. थोरला भिक्खूही धाकट्यांपुढे हेच म्हणतो. घरात कर्त्या पुरुषाने बायको-मुलांपुढे असे म्हटल्याचे आम्ही फारसे ऐकलेले नाही. यंदा ज्या घरात वह्या लिहिल्या जातील तेथे त्या दिवशी सर्वांनी बसावे आणि प्रत्येकाने आपल्या वहीतले एक पान, आपल्याच मर्जीने निवडलेले, वाचून दाखवावे. सुरुवात घरातल्या थोरल्याने करावी. ज्याला वाचायचे नसेल त्याने पुढच्याकडे खूण करावी. त्याला कारण विचारू नये. विहाराच्या महिला मंडळातही हा कार्यक्रम तासाभरात होऊ शकतो, फक्त तेथे ध्वनिक्षेपक लावू नये आणि कोणी फोनवर चित्रण करू नये.

त्यानंतर वहीचे काय करायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. काहीजण ती फाडून टाकतात. त्यांचे काम झालेले असते. ठेवायची असेल तर पहिल्या पानावर नाव आणि साल घालावे, पावसाळ्यात ओल लागणार नाही अशा जागी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवावी, आणि कोणाला उघडण्याची परवानगी आहे, केव्हा आहे, हे त्याच पानावर लिहून ठेवावे.